फिलिंग कशाच्या जोरावर टिकते?

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात मिनामाता कराराच्या सदस्य देशांची सहावी परिषद भरली. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी झालेल्या या कराराने तिथे दातांपुरता एक ठोस निर्णय घेतला. अमाल्गमचा, म्हणजे आपण ज्याला दातात ‘चांदी भरणे’ म्हणतो त्या पारामिश्रित धातूचा, वापर २०३४पर्यंत थांबवायचा. युरोपीय संघाने तर काही वैद्यकीय अपवाद सोडून १ जानेवारी २०२५पासूनच तो बंद केला आहे. भारताने २०१८मध्ये या करारावर शिक्कामोर्तब केले. दीडशेहून अधिक वर्षे दाढांमध्ये निमूट बसलेली चांदी आता निघणार, आणि तिची जागा मुख्यतः दातांच्या रंगाचे कॉम्पोझिट घेणार.

हा बदल केवळ रंगाचा नाही. चांदी दाताला चिकटत नाही, ती खड्ड्याच्या आकारात अडकून राहते. दंतवैद्य खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरतो, धातू ठासून भरतो आणि काम झाले. पुढे कडेला गंजाचे कण साठत जातात आणि बारीकशी फट आपोआप बुजते. कॉम्पोझिटला यातले काही जमत नाही. निळ्या दिव्याखाली घट्ट होताना ते साधारण दोन-तीन टक्के आक्रसते, म्हणजे भिंतीपासून सुटूच पाहते. त्याला धरून ठेवतो तो बाँडिंगचा थर, केसाच्या जाडीपेक्षाही पातळ. रुग्णाला तो कधी दिसत नाही आणि बिलातही त्याची वेगळी ओळ नसते. गेली सत्तर वर्षे दंतवैद्यकात वाद चालला आहे तो याच थराबद्दल. तो किती टिकतो, कोणत्या रसायनाने जास्त टिकतो, आणि फिलिंगचे आयुष्य खरोखर त्याच्यावरच ठरते का?

आम्लापासून सुरुवात

धातूला रंग देण्याआधी कारखान्यांत त्याचा पृष्ठभाग फॉस्फोरिक आम्लाने तयार करत. हे पाहून अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरातील मायकेल बुओनोकोर यांना वाटले, दातावर हाच प्रयोग का करू नये? १९५५मध्ये त्यांनी त्याचा अहवाल प्रसिद्ध केला. ८५ टक्के तीव्रतेचे आम्ल इनॅमलवर ३० सेकंद लावून धुतले, की एरवी काही तासांत गळून पडणारा अ‍ॅक्रिलिकचा ठिपका कित्येक आठवडे टिकत होता. आम्लाने इनॅमलमधले खनिज थोडे विरघळते, सूक्ष्म खाचा पडतात आणि पातळ राळ त्यांत शिरून घट्ट होते. तत्त्व इतके साधे होते, तरी दवाखान्यांत ते रुळायला दीडेक दशक गेले.

त्याच्याही आधी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, ओस्कार हागर या स्विस रसायनशास्त्रज्ञाने आम्लधर्मी गट जोडलेला एक राळरेणू तयार केला होता. संक्षेपाने त्याला जीपीडीएम म्हणतात. त्यावर बेतलेले उत्पादन फार चालले नाही, कारण त्या काळचे अ‍ॅक्रिलिक इतके आक्रसे की कोणतेही चिकटद्रव्य त्यापुढे हात टेकी. हे दुखणे राफेल बोवेन यांनी बरेच कमी केले. त्यांच्या बिस-जीएमए या रेणूला १९६२मध्ये पेटंट मिळाले आणि काचेची पूड घातलेल्या आधुनिक कॉम्पोझिटचा पाया घातला गेला.

इनॅमलचा प्रश्न तिथे जवळजवळ मिटला. त्याखालच्या डेंटिनचा मात्र अजून पुरता मिटलेला नाही.

इनॅमल वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते, कोरडे आणि कडक. डेंटिनमध्ये आकारमानाने निम्मेच खनिज, बाकी कोलॅजेनचे तंतू आणि पाणी. त्यात हजारो सूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांतून दाताच्या गाभ्याकडून द्रव सतत बाहेर झिरपत असतो. राळ तेलकट वृत्तीची, डेंटिन ओलसर, त्यामुळे दोघांचे जमणे मुळातच कठीण. शिवाय ड्रिल फिरल्यावर कापलेल्या पृष्ठभागावर भुकटीचा एक पापुद्रा बसतो. चिकटवायचे ते त्या पापुद्र्याला की दाताला, हाही प्रश्नच. डेंटिनवर आम्ल लावले तर गाभा मरेल, अशी भीती पाश्चात्त्य देशांत बराच काळ होती. टोकियोच्या ताकाओ फुसायामा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तरीही इनॅमल आणि डेंटिन दोन्हींवर आम्ल लावण्याची पद्धत पुढे आणली. १९८२मध्ये नोबुओ नाकाबायाशी यांनी दाखवले, की राळ उघड्या पडलेल्या कोलॅजेनच्या जाळीत शिरते आणि तिथे अर्धा दात, अर्धी राळ असा एक मिश्र थर तयार होतो. त्याला हायब्रिड लेयर हे नाव पडले. पुढचा जवळपास सगळा वाद या काही मायक्रॉनच्या थराभोवती फिरतो.

दोन पंथ आणि मधला मार्ग

पहिला पंथ आम्ल लावून धुण्याचा, म्हणजे एच-अँड-रिन्स. ३० ते ४० टक्के फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर १५ ते ३० सेकंद आणि डेंटिनवर पंधरापेक्षा जास्त नाही, मग पाण्याने धुवायचे, प्रायमर लावायचा आणि शेवटी बाँड. तीन पायऱ्या. खोच आहे ती धुतल्यानंतर वाळवण्यात. हवेचा फवारा जास्त मारला तर आधार गेलेले कोलॅजेनचे तंतू पाण्यातून काढलेल्या शेवाळासारखे एकमेकांना चिकटून बसतात आणि राळेला वाट उरत नाही. जॉन कांका यांनी १९९२च्या सुमारास डेंटिन किंचित ओलेच ठेवा असे सांगितले, तेव्हा निकाल सुधारले. पण ‘किंचित’ म्हणजे किती? ओल जास्त झाली तरी राळ फाटल्यासारखी होते. हे सगळे हातावर आणि नजरेवर अवलंबून आहे. नंतर आलेल्या दोन पायऱ्यांच्या बाटल्यांत प्रायमर आणि बाँड एकत्र केले. वेळ वाचला, हाताचे कसब मात्र तेवढेच लागते.

दुसरा पंथ सेल्फ-एच. वेगळे आम्ल नाही आणि धुणेही नाही. आम्लधर्मी प्रायमर स्वतःच थोडे खनिज विरघळवतो आणि त्याच वेळी आत शिरतो. याचा खरा आधार ठरला तो १०-एमडीपी हा जपानमध्ये कुरारे कंपनीने विकसित केलेला रेणू. कोलॅजेनभोवती उरलेल्या खनिजातल्या कॅल्शियमशी तो रासायनिक बंध जोडतो, हे यासुहिरो योशिदा, बार्ट व्हान मेअरबेक आणि सहकाऱ्यांनी २०००नंतरच्या संशोधनात दाखवले. म्हणजे केवळ खाचांत अडकणे नाही, तर धरून बसणेही. सौम्य सेल्फ-एचची उणीव इनॅमलवर दिसते. न कोरलेल्या इनॅमलवर ते फॉस्फोरिक आम्लाइतके खोल जात नाही, त्यामुळे कडेला डाग पडतात.

या दोघांमधली तडजोड म्हणजे फक्त इनॅमलच्या कडांना फॉस्फोरिक आम्ल आणि डेंटिनला सेल्फ-एच. २०११पासून ‘युनिव्हर्सल’ बाटल्या बाजारात आल्या. कोणत्याही पद्धतीने वापरा, असे त्यांचे म्हणणे. बहुतेकांत एमडीपी असते. कंपन्यांच्या प्रतिनिधींच्या बोलण्यात ‘सेव्हंथ जनरेशन’, ‘एट्थ जनरेशन’ असे शब्द सर्रास येतात. पिढी पुढची म्हणजे बाँडिंग चांगले, असा त्यातून ग्रह होतो. संशोधक हे वर्गीकरण टाळतात आणि पद्धत व पायऱ्या मोजतात, आणि तेच बरोबर आहे.

थर झिजतो कसा

चिकटण्याच्या दिवशी जवळपास सगळेच चांगले चिकटते. फरक पडतो तो नंतरच्या वर्षांत, आणि तो दोन वाटांनी.

पहिली वाट पाण्याची. ओल्या डेंटिनशी जमावे म्हणून बाँडिंगमध्ये हेमासारखे पाणी ओढणारे रेणू घालतात. तेच पुढे पाणी शोषून थर मऊ करतात. फ्रँकलिन टे आणि डेव्हिड पॅशली यांनी २००२मध्ये दाखवले, की एकाच पायरीची बाटली घट्ट झाल्यावरही तिच्या थरातून पाणी आरपार जाते. तीन पायऱ्यांत किंवा दोन पायऱ्यांच्या सेल्फ-एचमध्ये शेवटी पाण्याला नकार देणाऱ्या राळेचा वेगळा थर येतो. झाकणासारखे काम करणारा तो थर एकाच बाटलीच्या सोयीत गमावला जातो.

दुसरी वाट अनपेक्षित निघाली. पॅशली यांच्याच गटाने २००४मध्ये दाखवले, की राळ न पोचलेले कोलॅजेन दाताच्या स्वतःच्याच एन्झाइमांकडून खाल्ले जाते, त्याला जिवाणूंची गरज लागत नाही. दात तयार होताना डेंटिनमध्ये बंदिस्त झालेली ही एन्झाइमे, एमएमपी म्हणून ओळखली जाणारी, आम्ल लागले की जागी होतात. उपाय म्हणून क्लोरहेक्सिडिन, तेच जे गुळण्यांच्या औषधात असते, आम्लानंतर डेंटिनवर लावून पाहिले. काढलेल्या दातांवरच्या आणि काही महिन्यांच्या अभ्यासांत थर चांगला राहिला. प्रत्यक्ष फिलिंगच्या टिकाऊपणात मात्र नियंत्रित चाचण्यांना ठळक फायदा दिसलेला नाही. पाण्यात विरघळणारे क्लोरहेक्सिडिन हळूहळू निघून जाते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. प्रयोगशाळेतली सुंदर कल्पना खुर्चीपर्यंत येताना विरते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तोंडातले आकडे

मग खरा निकाल कसा लावायचा? संशोधकांनी त्यासाठी हिरडीलगतच्या, कीड न लागता झिजून पडलेल्या खाचा निवडल्या. तिथे अडकायला आकारच नसतो. बाँडिंग निसटले की फिलिंग पडते, त्यामुळे दोष कोणाचा हे स्पष्ट असते.

बेल्जियममधील ल्युव्हेन विद्यापीठाच्या मार्लीन पेउमान्स आणि सहकाऱ्यांनी अशा चाचण्यांचा आढावा २००५मध्ये घेतला आणि २०१४मध्ये तो वाढवला. दुसऱ्या आढाव्यात दरसाल सरासरी किती टक्के फिलिंग्ज निकामी झाली, हे पाहण्यासारखे आहे. ग्लास आयोनोमर सिमेंट २, सौम्य दोन-पायरी सेल्फ-एच २.५, तीन-पायरी एच-अँड-रिन्स ३.१, सौम्य एक-पायरी ३.६. दोन-पायरी एच-अँड-रिन्स मात्र ५.८ आणि तीव्र आम्लाचे दोन-पायरी सेल्फ-एच ८.४. एकाच गटातल्या बाटल्यांमधला फरकही मोठा होता, म्हणून गटाच्या नावावरून खरेदी करणे धोक्याचे.

यादीत वर बसलेले ग्लास आयोनोमर हे कॉम्पोझिट नव्हेच. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत अ‍ॅलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ते १९६०च्या दशकाच्या अखेरीस शोधले. ते दाताशी स्वतःहून जोडले जाते, पण झिजते लवकर आणि चमकही कमी. स्वीडनच्या उमेओमध्ये यान व्हान डायकेन यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या चाचण्यांतही, पकड टिकवण्यात राळमिश्रित ग्लास आयोनोमर अनेक बाँडिंग द्रव्यांच्या पुढे राहिले. चिकटण्यात सरस असणारा पदार्थ चावण्यात आणि दिसण्यात मागे पडतो, हा या क्षेत्रातला जुनाच पेच आहे.

ल्युव्हेनच्या दीर्घ चाचण्यांत क्लिअरफिल एसई बाँड आणि ऑप्टिबाँड एफएल या दोन बाटल्यांची फिलिंग्ज १३ वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांहून अधिक जागेवर होती. पहिलीत एमडीपी आहे. दुसरीत आहे जीपीडीएम, म्हणजे हागर यांचाच रेणू. दोन्ही १९९०च्या दशकातल्या, आणि दोन्हींत एकाहून जास्त बाटल्या उघडाव्या लागतात.

युनिव्हर्सल बाटल्यांचे पाच वर्षांपर्यंतचे निकाल एकंदरीत समाधानकारक आहेत. ब्राझीलमधल्या चाचण्यांत मात्र आम्ल अजिबात न लावता केलेली फिलिंग्ज जास्त निसटलेली दिसली. ‘कसेही वापरा’ या आश्वासनाला तिथे मर्यादा पडते. निदान इनॅमलच्या कडांना आम्ल लावावे, यावर आता बऱ्यापैकी एकमत आहे.

फिलिंगनंतर दात कमी ठणकावा म्हणून सेल्फ-एच वापरावे, असेही पुष्कळ ऐकू येते. चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दोन्ही पद्धतींत ठणक्याचा फारसा फरक निघत नाही.

दाढेत चित्र बदलते

इथपर्यंत बाटलीचे महत्त्व वाढत जाते. दाढेच्या खड्ड्यात मात्र चित्र वेगळे आहे.

नेदरलँड्सचे निएक ओपडाम आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये दाढांतल्या कॉम्पोझिटचे दीर्घ अभ्यास एकत्र केले. दरसाल निकामी होण्याचे प्रमाण पाच वर्षांच्या मुदतीत १.८ टक्के आणि दहा वर्षांच्या मुदतीत २.४ टक्के निघाले. दोन मुख्य कारणे होती, कडेला पुन्हा लागलेली कीड आणि फिलिंगचे किंवा दाताचे तुटणे. ज्यांच्या तोंडात कीड जास्त, त्यांची फिलिंग्ज लवकर गेली. ब्राझीलच्या एका खासगी दवाखान्यात १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात भरलेली, म्हणजे आजच्या बहुतेक बाटल्यांच्या जन्माआधीची फिलिंग्ज २२ वर्षांनी तपासली, तर दरसाल निकामी होण्याचे प्रमाण दोन प्रकारच्या कॉम्पोझिटमध्ये १.५ आणि २.२ टक्के आले. हात एकाच दंतवैद्याचा होता आणि रुग्ण नियमित येणारे.

याच्या विरुद्ध टोक लिस्बनचे. तिथल्या कासा पिया शाळांतल्या मुलांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत सात वर्षांनी चांदीची ९४.४ टक्के आणि कॉम्पोझिटची ८५.५ टक्के फिलिंग्ज शाबूत होती. कॉम्पोझिटच्या कडेला कीड साडेतीन पट जास्त लागली. चांदीच्या बाजूने बोलणारे या चाचणीवर बोट ठेवतात. कॉम्पोझिटचे समर्थक म्हणतात, मुले कीड लागण्याच्या वयातली होती, मोठ्यांवर तोच नियम लावू नका. दोघांचेही म्हणणे आकड्यांना धरून आहे.

यातून काही संशोधक म्हणतात, की दाढेत खड्ड्याचा आकार आणि इनॅमलच्या कडा फिलिंगला पुरेसे धरून ठेवतात. त्यामुळे बाँडिंगचा प्रकार तिथे दुय्यम आहे आणि कीड व चावण्याचा ताण निर्णायक. दुसरी बाजू म्हणते, दातांच्या फटीत हिरडीजवळची कड डेंटिनवर असते, कीड नेमकी तिथेच परत लागते, आणि तिथले बाँडिंग सुटले की कीड कोणाच्या नावावर टाकायची? प्रश्न रास्त आहे. पण फटीतून रंग झिरपण्याच्या प्रयोगशाळेतल्या कसोट्यांचा रुग्णांच्या तोंडातल्या निकालाशी मेळ बसत नाही, हे सीगवार्ड हाइन्त्से यांनी आढाव्यांतून वारंवार दाखवले आहे. हे आढावे केले तेव्हा ते स्वतः दंतसाहित्य बनवणाऱ्या कंपनीत काम करत होते, हेही नमूद करायला हवे. जाहिरातीतल्या ‘इतके मेगापास्कल’ या पकडीच्या आकड्याकडे पाहताना प्रयोगशाळा आणि तोंड यांतले हे अंतर लक्षात ठेवलेले बरे.

रबर डॅम, म्हणजे लाळ दूर ठेवणारा रबरी पडदा, १८६४पासून उपलब्ध आहे. त्याने फिलिंग जास्त टिकते का, याचा कॉक्रेन आढावा ‘बहुधा हो’ याच्या पुढे जात नाही, कारण चाचण्याच कमकुवत. तरी ओल्या डेंटिनशी झगडणाऱ्या या सगळ्या रसायनांत लाळ शिरू देणे हे कोणत्याच पंथाला मान्य नाही.

आपल्याकडचे दात

दीर्घ चाचण्या प्रामुख्याने ल्युव्हेन, उमेओ आणि ब्राझीलमधल्या विद्यापीठांतून आल्या आहेत. महाराष्ट्रातल्या दातांपुढचे काही प्रश्न त्यांत कमीच दिसतात.

मिश्रीने घासलेल्या दातांच्या मुळाशी खोल खाचा पडतात. वर्षानुवर्षे घासून तिथले डेंटिन काचेसारखे कडक होते, नळ्या खनिजाने बुजतात आणि आम्ल आत जात नाही. अशा डेंटिनवर पकड ताज्या डेंटिनइतकी बसत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या फ्लोरोसिसग्रस्त गावांत अडचण वेगळी. फ्लोराइडमुळे इनॅमलचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही, तर खालचा ठिसूळ आणि सच्छिद्र असतो. आम्ल जास्त वेळ लावावे की वरचा थर आधी घासून काढावा, यावर अभ्यासांचे निष्कर्ष जुळत नाहीत. तिसरी गोष्ट साधी, उन्हाची. एका बाटलीतले आम्लधर्मी द्रव गरमीत स्वतःच विघटित होऊ लागते आणि त्यातले अ‍ॅसिटोन किंवा अल्कोहोल उडून जाते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. वीज गेलेल्या दवाखान्यात किंवा पार्सलच्या गाडीत पडून राहिलेली बाटली वेष्टनावरची तारीख गाठेपर्यंत कामाची राहीलच असे नाही.

काय अजून ठरलेले नाही

युनिव्हर्सल बाटल्यांना तेरा-पंधरा वर्षांची कसोटी अजून लागायची आहे. किडीने मऊ झालेले डेंटिन मुद्दाम मागे ठेवण्याची पद्धत आता सर्वमान्य होत आहे. तिथे पकड कमकुवत असते हे ठाऊक असूनही त्याचा फिलिंगच्या आयुष्यावर किती परिणाम होतो, याचे उत्तर तुटपुंजे आहे. ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ म्हणून येणाऱ्या, खनिज परत भरण्याचा दावा करणाऱ्या बाँडिंगबद्दल दावे पुष्कळ आणि दीर्घ चाचण्या मोजक्या. आणि निकामी कशाला म्हणायचे, हाही तिढा आहे. कडेला डाग पडला की काढून टाकायचे, की घासून दुरुस्त करायचे? एकाच फिलिंगला एक दंतवैद्य शाबूत म्हणेल, दुसरा बदलायला सांगेल.

आज उपलब्ध पुराव्यावर इतके म्हणता येते. हिरडीलगतच्या खाचांत बाटलीची निवड निर्णायक आहे, आणि एका मिनिटाची बचत करणाऱ्या बाटलीपेक्षा सौम्य दोन-पायरी सेल्फ-एच किंवा तीन-पायरी पद्धत जास्त भरवशाची ठरली आहे. दाढेत बाटलीपेक्षा तोंडातली कीड आणि भरणाऱ्याचा हात जास्त बोलतात. रुग्णाने ब्रँड विचारण्यापेक्षा फिलिंग भरताना दात कोरडा कसा ठेवणार, आणि वर्षातून एकदा तपासायला बोलावणार का, हे विचारावे.

भारतात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या बाह्यरुग्ण विभागांत रोज फिलिंग्ज भरली जातात. २०३४ला आता दशकही उरलेले नाही. त्या प्रत्येक फिलिंगमागे दाताचा क्रमांक, बाटलीचे नाव आणि तारीख एका सामाईक नोंदवहीत उतरवायला, आणि पाच वर्षांनी त्याच रुग्णाला पुन्हा बोलवायला, विद्यापीठांनी आणि दंतवैद्यकाच्या नियामक संस्थेने याच शैक्षणिक वर्षापासून सुरुवात करावी.